घुंगरांभोवतीची हवा

बटण मी तिच्या बोटाकडे बघून दाबत होतो, हे तिच्या लक्षात आलं असावं. कारण तिने खुर्ची फिरवली आणि काचेपलीकडे माझ्याकडे पाठ करून बसली. आता काचेतून फक्त तिची वेणी आणि एक खांदा दिसत होता. कानांवर घट्ट हेडफोन, हातात बटण, भोवती भोकाभोकांचा फोम, आणि मध्ये मी, अठ्ठावन्न वर्षांचा घोडा, कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा. 'आवाज आला की दाबा काका, कितीही बारीक असला तरी,' असं तिने आधी सांगितलं होतं. सुरुवातीला आले आवाज. घू, घू, मग जरा वरचे. त्यानंतर काहीच नाही. मला वाटलं मशीन बिघडलं. मग वाटलं ही मुलगी मोबाईल बघत बसली असेल. आणि मग तिचं बोट कळीवर टेकताना दिसलं आणि माझा अंगठा आपोआप खाली गेला. मी ठरवून फसवलं नाही हो, देवाशप्पथ. बोट दिसलं आणि मला आवाज आला. अगदी स्वच्छ आला. तिने पाठ फिरवल्यावर मात्र त्या खोक्यात एवढी शांतता झाली की मला माझं गिळणं ऐकू येत होतं.

मुलीचं नाव तेजस्वी, तसं तिच्या कोटावर लिहिलं होतं. कारखान्यातून निवृत्त होताना जी तपासणी करतात तिच्यासाठी मी अलिबागला त्या दवाखान्यात गेलो होतो. रक्त, डोळे, छाती सगळं ठीक, हे शेवटचं. तिने कागद पुढे सरकवला. त्यावर एक रेघ डावीकडून बरी चालत येत होती आणि मध्येच कडा संपल्यासारखी खाली गेली होती. 'हे बघा काका, हजार हर्ट्झपर्यंत ठीक आहे. दोन हजारला जरा कमी. चार हजारच्या वर जवळजवळ नाहीच.' मी विचारलं, 'नाहीच म्हणजे?' ती म्हणाली, 'म्हणजे स, श, फ असले आवाज निसटत असणार. माणसं पुटपुटतात असं वाटतं ना?' मी म्हणालो, 'बायको पुटपुटते.' ती हसली. 'सगळे काका हेच सांगतात. दोन्ही कानांना मशीन लागेल. लवकर लावा, उगाच वर्षं घालवू नका. घरी टीव्ही मोठ्याने लावता का?' मी म्हणालो, 'मी संगीत ऐकतो. म्हणजे, यंत्रणा आहे माझी. लोक येतात ऐकायला.' 'अय्या, छान!' असं म्हणून तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

कागदाच्या चार घड्या करून खिशात घातला आणि जिना उतरताना एकच गोष्ट डोक्यात: परवा रविवार. रविवारी दिवेआगरला सुयश माझी वाट बघणार होता. सुयश माझा चुलतभाऊ, माझ्याहून वीस वर्षांनी धाकटा. निसर्ग वादळात त्याची सुपारीची वाडी एका दुपारी आडवी झाली. तो रडला नाही, गाव सोडून गेला नाही, त्याने पुन्हा रोपं लावली. आता पाचवं वर्ष, पहिला फुलोरा धरतोय. आणि हा शहाणा त्याच वाडीचा समुद्राकडचा अर्धा भाग पुण्याच्या एका माणसाला बंगल्यासाठी विकायला निघाला होता. त्या पैशातून होमस्टेच्या वरच्या खोलीत तो 'श्रवणगृह' थाटणार होता. मुंबई-पुण्याचे शौकीन येणार, राहणार, जगातल्या सर्वोत्तम यंत्रणेवर गाणं ऐकणार, आवडलं तर तीच घरी मागवणार, त्यात सुयशला भाग. नुसत्या स्पीकरच्या तारांची किंमत चारचाकी गाडीएवढी. सगळं ठरलं होतं, फक्त एक अडलं होतं. 'दादाने ऐकून हो म्हटलं की मी गुरुवारी सही करणार,' असं तो सगळ्यांना सांगत होता. दादा म्हणजे मी. माझे कान.

आणि कान होते, बरं का. हे कुणी तरी ऐकून घ्यायला हवं. कारखान्याच्या कॉम्प्रेसर हाऊसमध्ये मी एकतीस वर्षं काढली. तिथे सगळे कानांवर मफ चढवून वावरायचे, मीही चढवायचो, पण मशीनपाशी गेलो की काढायचो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. धातू बोलतो. चांगलं बेअरिंग गुणगुणतं. बिघडणारं आधी कुरकुरतं, मग दात खातं. मापाची यंत्रं आली तरी साहेब म्हणायचे, 'आधी देवव्रतला बोलवा.' एकदा मी म्हणालो, हे आठवडाभरात जाईल. यंत्र म्हणालं, काही नाही. सहाव्या दिवशी गेलं. त्या दिवशी मला चहा पाजायला आख्खं खातं जमलं. सेफ्टीवाला ओरडायचा, 'मफ घाला, कान जातील!' मी म्हणायचो, 'अरे, कानावरच तर पोट आहे.' किती ऐटीत म्हणायचो! एकेका शाबासकीसाठी मी रोज थोडं थोडं काहीतरी त्या मशीनला देऊन येत होतो आणि मला वाटत होतं मी घेऊन येतोय.

तीच कीर्ती गणराजच्या कानी गेली. पनवेलला त्याचं महागड्या स्पीकर-तारांचं दुकान. दुकान म्हणायचं नाही, 'लाउंज'. गणराज गोड माणूस, त्याच्यावर चिडताही येत नाही, हीच त्याची हुशारी. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने मला मधल्या खुर्चीत बसवलं, एक ठुमरी लावली, मग एक तार काढून दुसरी जोडली, तीच ठुमरी पुन्हा. 'सर, मी काही बोलत नाही. तुम्ही फक्त फील करा. बॅकग्राउंड कसा एकदम ब्लॅक होतो बघा.' खोलीत आणखी पाच जण. सगळे माझ्याकडे बघत होते, मी गणराजकडे. घुंगरू वाजले तेव्हा त्याच्या भुवया अशा किंचित वर गेल्या आणि मला जाणवलं, हो, आहे, काहीतरी मोकळं झालंय. मी म्हणालो, 'घुंगरांभोवती हवा आली.' काय वाक्य होतं! पाचही माना डोलल्या. गणराजने ते माझ्या फोटोखाली छापलं. पुढच्या महिन्यापासून लोक मला फोन करायला लागले: दादा, ही तार घेऊ का, ते लाकडी पाय घेऊ का, तो दगड ॲम्प्लिफायरवर ठेवल्याने खरंच फरक पडतो का. मी त्यांना गणराजकडे पाठवायचो आणि गणराज मला वस्तू अर्ध्या किमतीत द्यायचा. अर्ध्या किमतीतही त्या माझ्या पगाराला झेपत नव्हत्या, ते सोडा.

घेत का होतो, हे त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर मला कळलं. घरचा आवाज मंद व्हायला लागला होता. सतारीवर कुणी शाल पांघरल्यासारखा. गायिकेचा श्वास आधी ऐकू यायचा, तो येईना. मी गणराजला सांगितलं, तो म्हणाला, 'सर, तुमची सिस्टिम आता तुमच्या कानांना कमी पडतेय.' केवढा सुखावलो मी! मग चांदीच्या तारा आल्या. त्यांच्यावर बाण छापलेला, वीज त्याच दिशेने जायला हवी. मग तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून लाकडाच्या घोड्या आल्या. तार 'उघडायला' तीनशे तास लागतात, म्हणून दार बंद करून पंधरा दिवस ती अहोरात्र वाजत ठेवायची. तीनशे तासांनी काही उघडलं नाही तर पाचशे; तोवर परत करायची मुदत संपलेली. माझी बायको मधुवंती शाळेत विज्ञान शिकवते. ती एकदा दारात उभी राहून म्हणाली, 'अहो, खांबावरून एवढ्या लांबून वीज येते ती साध्या ॲल्युमिनियमच्या तारेतून. आणि शेवटच्या हातभर अंतरात चांदी लागली की ती एकदम सोवळ्यात येते?' मी म्हणालो, 'तुला त्यातलं कळत नाही.' त्यावर ती काहीतरी म्हणाली आणि मी म्हणालो, 'पुटपुटू नकोस.' असं आमचं किती वर्षं चाललंय कोण जाणे.

आणि रातकिडे. ही गोष्ट आठवली तेव्हा मी रस्त्यातच थांबलो, मागून रिक्षावाल्याने शिवी दिली असावी, तोंड हललं त्याचं. निसर्ग वादळानंतर आपल्या भागातले रातकिडे गेले, असं मी पाच वर्षं लोकांना सांगत आलो. झाडं गेली, मुळं उपटली, मग किडे कुठे राहणार? माझ्या ग्रुपवर त्यावर मी एक मोठा हळवा मजकूर लिहिला होता. 'एक अख्खी लय कोकणातून पुसली गेली,' असं काहीतरी. शंभरावर लोकांनी हात जोडले. एकानेही लिहिलं नाही की बाबा रे, आहेत की, आमच्या खिडकीखाली बोंबलतायत. की कुणी लिहिलं होतं आणि मी ते वाचूनही मनावर घेतलं नाही? लाजेने माझे कान तापले. निदान तेवढं तरी त्यांना जमत होतं.

घरी गेलो तर मधुवंतीने माझ्या तोंडाकडे बघून हात पुढे केला आणि मी कागद दिला. तिने रेघ बघितली, चष्मा काढला. मला वाटलं आता बोलेल, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढेल. ती माझ्या अगदी समोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाली, 'मला माहीत होतं. दोन वर्षं मी तुमच्या खांद्याला हात लावून मगच बोलते. तुमच्या ते लक्षात आलं नाही.' खरंच आलं नव्हतं. मला वाटायचं प्रेम वाढलंय. ती म्हणाली, 'मशीन घ्या. उद्याच जाऊ. आणि सुयशला आत्ताच्या आत्ता फोन करा.' मी म्हणालो, 'हे फोनवर सांगायचं नसतं. रविवारी समोर सांगतो.' ती म्हणाली, 'सांगाल ना?' मी चिडलो. चिडलो याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

रविवारी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो. बोटीत कठड्याला टेकून वाक्य घोकत होतो: सुयश, मला चार हजारच्या वर ऐकू येत नाही. साधं वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद. त्यात सगळं होतं. दिवेआगरला पोचलो तर फाटकातूनच विठोबा दिसला, सुयशच्या वाडीला पाणी लावणारा जुना माणूस. समुद्राकडच्या रांगांत फिरून तो एकेका झाडाला हात लावत होता. माझ्याजवळ येऊन मोठ्याने म्हणाला, 'भाऊ, तुमी सांगा की त्याला! पाच वर्सं पानी घातलंय, आता धरतंय तर तोडायला निघालाय. तुमचं ऐकल तो. आमचं न्हाय ऐकत.' मी म्हणालो, 'सांगतो.' तो म्हणाला, 'व्हय? नक्की?' आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. त्याच्या हाताला ओल्या मातीचा वास होता.

वर खोलीत सगळा थाट मांडला होता. गणराज आलेला, पुण्याचे दोन शौकीन आलेले, सुयशची बायको पूनम सोलकढीचे पेले घेऊन उभी. मधली खुर्ची माझ्यासाठी रिकामी. मी सुयशला म्हणालो, 'जरा बाहेर येतोस?' तो म्हणाला, 'आधी ऐक तर दादा, मग बोलू.' आणि मी बसलो. त्याच क्षणी उठायला हवं होतं. गणराजने आधी साधी तार लावली, मग ती महागडी. तराणा होता. मला तबल्याचा डग्गा ऐकू आला, आवाजाचा खालचा भाग ऐकू आला. वर, जिथे झांजा आणि तारा असायला हव्यात, तिथे काही नव्हतं, दोन्ही वेळेला सारखंच काही नव्हतं. पहिल्यांदाच मी ते प्रामाणिकपणे ऐकलं. तराणा संपला. सुयश माझ्याकडे बघत होता. लहानपणी झाडावरून उडी मारण्याआधी खाली माझ्याकडे असंच बघायचा तो, की दादा धरेल. मी तोंड उघडलं. आतलं वाक्य तयार होतं, मी पुन्हा सांगतो, तयार होतं. पुण्याच्या शौकिनांपैकी एक जण माझं म्हणणं टिपायला पेन उघडून बसला होता. गणराज हसत म्हणाला, 'बोला सर, आता तुमच्याशिवाय कोण बोलणार?' आणि माझ्या तोंडून, माझ्याच आवाजात, आलं: 'पडदा गेला रे, सुयश. गाणारा खोलीत येऊन बसला.' पूनमने पेले खाली ठेवून हात जोडले. खाली अंगणात विठोबा वर बघत उभा होता, त्याला काय ठरलं ते कळत नव्हतं.

गुरुवारी सही झाली. शनिवारी मी पुन्हा गेलो, कारण मला झोप येत नव्हती आणि मधुवंती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे खांद्याला हात लावत नव्हती. रांगा तोडून झाल्या होत्या. सुपारीची कोवळी खोडं ढिगाने पडली होती, काहींना फुलोरा तसाच होता. सुयश ढिगापाशीच उभा होता, तिथेच मी त्याला कागद दाखवला आणि वाक्य म्हटलं. सगळं म्हटलं. घुंगरू, हवा, पडदा, सगळं खोटं होतं म्हणालो. मला तू मार म्हणालो. त्याने त्या रेघेवरून ती खाली पडते तिथपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाला, 'दादा, मलाही कधी फरक ऐकू आला नाही.' मी म्हणालो, 'काय?' कारण मला नीट ऐकू आलं नव्हतं. तो जवळ येऊन ओरडला, 'मलाही कधी काही ऐकू आलं नाही! पहिल्या दिवसापासून! मला वाटायचं माझेच कान गावंढळ. तू सांगतोस म्हणजे असणारच. पूनमलाही नाही. तुझ्या घरून ऐकून निघालो की आम्ही दोघं एकमेकांना विचारायचो, तुला आला? आणि दोघंही म्हणायचो, आला.' तो हसायला लागला आणि मग हसता हसता खाली बसला. मीही त्याच्या शेजारी बसलो. मला रडू आलं, त्याला आलं नाही. त्याला ते परवडण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने माझ्या खिशात तो कागद परत घातला आणि वरून हात दाबला. 'हे कुणाला दाखवलंस?' म्हणालो, मधुवंतीला. 'वहिनी बोलायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा. जमीन गेली, माल आला, वरच्या रकमेचे हप्ते बसले, आता तो माल परत कोण घेतो? लोक तुझ्या नावावर येणार आहेत. दर रविवारी तू येऊन बसायचंस.' मी म्हणालो, 'बसेन.' मान्य करण्यावाचून माझ्याकडे काही शिल्लकच नव्हतं. मग तो माझ्या कानांकडे बघून, अगदी मायेने, म्हणाला, 'आणि ते मशीन एवढ्यात लावू नकोस. कानात मशीन घातलेल्या माणसाचं कोण ऐकणार?' पुढच्या सोमवारी मधुवंती मला ओढून तेजस्वीकडे नेणार होती. मी गेलो नाही. 'हप्ते फिटू देत त्याचे,' म्हणालो. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही, आणि मी पुन्हा विचारलंही नाही. आता आम्ही घरात पुष्कळ गोष्टी हातवाऱ्यांनी करतो. जेवण वाढलंय, फाटक लावा, गोळी घेतली का. माणसाला फार थोडं बोलावं लागतं, असं लक्षात येतं.

असे बरेच रविवार झाले. काल ठाण्याहून एक जोडपं आलं होतं. नवरा वाचून आलेला, माझी वाक्यं त्याला पाठ. बायको पंचविशीची, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा, खिडकीशी पाय वर घेऊन बसलेली. मी दोन्ही तारा ऐकवल्या. नवरा 'वा, वा' करत होता. ती सरळ म्हणाली, 'मला तर दोन्ही एकसारखंच वाटलं.' नवऱ्याचं तोंड पडलं. 'अगं, नीट ऐक ना!' ती म्हणाली, 'नीटच ऐकलं. मी नऊ वर्षं गाणं शिकलेय. काही फरक नाहीये काका.' तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. चेहरा स्वच्छ होता, जे आहे ते सांगणाऱ्या माणसाचा असतो तसा. दारात सुयश उभा. महिन्याची पंचवीस तारीख, आणि या महिन्यात एकही तार विकली गेली नव्हती. मला त्या मुलीच्या पायाशी बसून म्हणावंसं वाटलं, बाई, ऊठ, नवऱ्याला घेऊन घरी जा, तुझे कान देवाने दिलेत, ते कुणाला विकू नकोस. मी हसलो. मी म्हणालो, 'होतं असं सुरुवातीला. गाणं शिकलेल्यांना जास्त होतं, ते सूर ऐकतात, अवकाश ऐकत नाहीत. पुन्हा लावतो. सुराकडे लक्ष देऊ नका. सुराच्या मागे काय आहे ते बघा.' ती जरा ओशाळली. नऊ वर्षं तिने बहुधा कुणाचं तरी ऐकूनच काढली असणार, गुरूसमोर वाद घालायची सवय नसणार. तिने डोळे मिटले. मी काहीही न बदलता तीच तार, तेच गाणं पुन्हा लावलं. तिच्या कपाळावर आठी पडली, ती शोधत होती, मनापासून शोधत होती. नवरा तिच्याकडे वाकून बघत होता. मग ती आठी हळूहळू सुटली आणि तिने मान हलवली.

'हां,' ती म्हणाली, मला ओठांवरून कळलं. 'आहे काहीतरी.'

'शाबास,' मी म्हणालो.